पांढरं पाणी, काळं पाणी : सोलापूरहून काराव्शिनला जाणाऱ्यांसाठी

किर्गिझ भाषेत 'आक' म्हणजे पांढरा, 'कारा' म्हणजे काळा आणि 'सू' म्हणजे पाणी. किर्गिझस्तानच्या नैऋत्य टोकाला, बातकेन प्रांतात, तुर्कस्तान पर्वतरांगेच्या उत्तर उतारावर आक-सू आणि कारा-सू या दोन दऱ्या शेजारी-शेजारी आहेत. दोन्हींचं पाणी काराव्शिन नदीत उतरतं, म्हणून सगळ्या भागालाच काराव्शिन म्हणतात. गिर्यारोहक त्याला 'आशियाचं पॅटागोनिया' म्हणतात (पॅटागोनिया म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा, उभ्या सुळक्यांचा मुलूख), कारण दऱ्यांच्या दोन्ही अंगांना ग्रॅनाइटच्या सरळसोट भिंती उभ्या आहेत. कारा-सूच्या बाजूला आसान (४,२३० मीटर) आणि उसेन (४,३७८ मीटर). ही जोडी म्हणजे आपले हसन-हुसेन. तिकडे जुळ्या मुलग्यांना हीच नावं ठेवायची रीत आहे. आक-सूच्या बाजूला रशियन टॉवर (४,२४० मीटर). याच भागात आणखी एक शिखर आहे, ज्याचं नावच '४८१०' आहे. उंची तेवढी म्हणून नाव तेवढं.

सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना हा दगड अनोळखी वाटतो. आपला बेसॉल्ट थरांचा, त्यामुळे कडा कितीही उभा असला तरी मध्ये पायऱ्या, गवताचे पट्टे, कुठे एखादं झुडूप असतंच. इथला ग्रॅनाइट एकसंध. नऊशे-हजार मीटरच्या भिंतीवर नजर टेकवायला आडवी रेघ सापडत नाही.

पण ट्रेकरला या भिंतींना हात लावायचा नसतो. पायवाट त्यांच्या बुडातून जाते. खिंडी दमवतात, पण दोर लागत नाही. ट्रेक बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यापाशी. सोलापूरच्या माणसाला पाण्याचं वेळापत्रक नवीन नाही. नळ कधी येणार यावर आपला आठवडा बेतलेला असतो. तिथे प्रश्न उलटा पडतो. पाणी कधी ओसरणार, यावर दिवस बेतायचा.

हिमनदीतून निघालेला ओढा रोज चढतो आणि रोज उतरतो. सूर्य वर आला की बर्फ वितळतं, दुपारी तीन ते पाचच्या सुमारास हिमनदीच्या तोंडाशी पाणी सगळ्यात जास्त असतं आणि पहाटे सगळ्यात कमी. इथवर बहुतेकांना माहीत असतं. चूक होते ती अंतराचा हिशोब न केल्यामुळे. दुपारचा लोंढा खाली वाहत यायला वेळ लागतो. हिमनदीपासून पंधरा-वीस किलोमीटर खाली तोच लोंढा रात्री पोहोचतो. म्हणून दरीच्या वरच्या टोकाला सकाळी आठला ओलांडायचा ओढा खालच्या भागात त्याच वेळी अजून फुगलेला असू शकतो. नकाशावर हिमनदीचं तोंड आणि ओलांडायची जागा यांतलं अंतर आधी मोजावं, मग वेळ ठरवावी.

रात्र कशी गेली हेही पाहावं. आभाळ निरभ्र आणि थंडी कडक असेल तर सकाळी पाणी छान उतरतं. रात्रभर ढग राहिले तर उष्णता अडकून राहते, वितळणं थांबत नाही आणि पहाटेची सवलत मिळत नाही. वर पाऊस झाला असेल तर घड्याळ विसरायचं. शिवाय पहाटेची एक मेख आहे: पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडांवर बर्फाचा काचेसारखा पातळ थर असतो, डोळ्यांना दिसतही नाही. त्या वेळी दगडांवरून उड्या मारत जाण्यापेक्षा सरळ पाण्यात उतरून चालणं सुरक्षित.

ओलांडायची जागा निवडताना नवखा माणूस नदी अरुंद कुठे आहे ते शोधतो. शोधायचं ते नेमकं उलट. अरुंद जागी तेवढंच पाणी खोल आणि वेगवान होऊन जातं. नदी जिथे फाटे फुटून पसरते, तिथे एकेक फाटा वेगळा ओलांडता येतो आणि मधल्या वाळू-गोट्यांवर पाय गरम करायला थांबता येतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उतरू नये, तिथे काठ पोखरलेला असतो. खालच्या अंगाला पन्नास-शंभर मीटर काय आहे ते आधी चालत जाऊन बघावं. खाली मोठे धोंडे किंवा अडकलेलं झाड असेल तर जागा बदलावी. मग एक काटकी पाण्यात टाकून तिच्या बरोबरीने काठाने चालावं. काटकी झपाझप चालणाऱ्या माणसाच्या पुढे गेली आणि पाणी गुडघ्याच्या वर असलं, तर त्या जागेला नाही म्हणावं. आणि पाण्याखालून गडगड ऐकू येत असेल तर पुढची कोणतीच परीक्षा नको. तळातले धोंडे लोळतायत, असा त्याचा अर्थ.

उतरताना बूट सॅकला बांधावेत, पण पाय उघडे ठेवू नयेत. मागून पट्टा असलेली सॅंडल आणि आत जुने सिंथेटिक मोजे हे उत्तम. रबरी स्लिपर पहिल्याच पावलाला वाहून जाते. सॅकचा छातीचा पट्टा सोडावा आणि कमरेचा एका झटक्यात निघेल असा ठेवावा. दोन काठ्या असतील तर एका वेळी एकच आधार हलवायचा: एक काठी, मग एक पाऊल, मग दुसरी काठी. तोंड प्रवाहाकडे, पण रेषा किंचित तिरकी, खालच्या बाजूला सरकत. सरळ किंवा वरच्या दिशेने जायला गेलं की प्रवाहाशी कुस्ती होते आणि त्यात नदीच जिंकते. तिघे-चौघे असाल तर सर्वांत दणकट माणूस वरच्या अंगाला आणि बाकीचे त्याच्या मागे, एकमेकांच्या सॅकचे पट्टे धरून. दोर माणसाला बांधू नये. पडलेला माणूस बांधलेल्या दोरामुळे पाण्याखाली दाबला जातो. पाय सुटलाच तर सॅक सोडायची, पाठीवर व्हायचं, पाय पुढे ठेवायचे आणि उथळ काठाकडे सरकत राहायचं. मध्येच उभं राहायचा प्रयत्न केला तर पाय दगडांत अडकतो.

या दऱ्यांमध्ये मेंढपाळांनी टाकलेले ओंडक्यांचे पूल असतात. वसंतातल्या पुरात ते वाहून जातात आणि उन्हाळ्यात कुरणांवर माणसं आली की पुन्हा टाकले जातात. म्हणून नकाशावरच्या पुलापेक्षा वाटेत भेटलेल्या माणसाचा शब्द खरा. 'कोप्युरो बारबी?' म्हणजे 'पूल आहे का?' उत्तर 'बार' आलं तर आहे, 'जोक' आलं तर नाही. मोठ्या माणसाला 'बाइके' म्हणावं, मोठ्या बाईला 'एजे'. आपल्या दादा-ताईसारखंच आहे ते, आणि तेवढ्या एका शब्दाने बोलणं सोपं होतं.

आता पिण्याचं पाणी. 'पांढरं पाणी' हे नाव उगाच पडलेलं नाही. हिमनदी खडक दळत येते, त्या पिठाने पाणी दुधाळ होतं. झऱ्याचं स्वच्छ, तळ दिसणारं पाणी ते 'काळं'. मात्र नावावर विसंबू नये. काराव्शिनच्या कारा-सूलाही वरून हिमनदीचं पाणी मिळतं. हे पीठ फिल्टरमध्ये गेलं की बारीक नळ्यांचा फिल्टर दोन दिवसांत चोंदतो. इथे आपल्या आजीची तुरटी कामाला येते. चार लिटर पाण्याला पाव चमच्याच्या निम्मी पूड पुरे. ढवळून झाकून रात्रभर ठेवावं, कारण गार पाण्यात गाळ सावकाश बसतो. सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने काढून मग फिल्टर करावं किंवा उकळावं. तुरटीने गाळ बसतो, जंतू पुरते जात नाहीत. फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावा. आतलं पाणी गोठलं की नळ्यांना चिरा जातात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

भिंतींकडे लक्ष द्यायचं ते तंबू कुठे ठोकायचा हे ठरवताना. रात्री फटींत गोठलेलं पाणी दगड सैल करतं, सकाळी ऊन लागलं की ते सुटतात. सोपी खूण म्हणजे दगडफूल. काळ्या मसाल्यात घालतो तेच, त्याच जातकुळीतलं. कुरणावर पडलेल्या धोंड्यावर दगडफुलाचे डाग पसरलेले असतील तर तो वर्षानुवर्षं तिथेच आहे. पांढरीफटक ताजी मोड, दगडफूल अजिबात नाही आणि खाली गवत चेपलेलं, असा धोंडा दिसला की समजावं, तो नुकताच आलाय आणि त्याचे भाऊ वर आहेत.

याहून काटेकोर पद्धतही आहे. कड्याच्या पायथ्याशी दगडांचा उतरता ढीग साचलेला असतो. ढीग आणि भिंत जिथे भेटतात तो बिंदू तंबूच्या जागेवरून बघायचा आणि फोनमधल्या कोनमापकाने त्याचा कोन घ्यायचा. कोन २७-२८ अंशांपेक्षा जास्त भरला तर सुटा दगड घरंगळत तुमच्यापर्यंत येऊ शकतो. ढीग २०० मीटर उंच असेल तर त्याच्या माथ्यापासून आडवं अंतर साधारण ३८५ मीटर हवं, म्हणजे ढिगाचा पायथा संपल्यावरही आणखी शंभरेक मीटर लांब. हा हिशोब सुट्या दगडांचा. अख्खी दरडच कोसळली तर तिची धाव बरीच लांब जाते. सपाट, हिरवीगार, वाऱ्यापासून आडोशाला असलेली सुंदर जागा बहुतेक वेळा याच पट्ट्यात असते, हा मोठा वैताग आहे. आणि शेकोटीसाठी अर्चाला, म्हणजे तिथल्या जुनिपरला, हात लावू नये. ते झाड फार सावकाश वाढतं.

उंचीबद्दल थोडक्यात, कारण नियम जगभर तेच. सोलापूर साडेचारशे मीटरवर आहे. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. तीन हजारांच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जादा ठेवावा. काराव्शिनमधले मुख्य तळ तीन हजारांच्या आगेमागे आहेत, ते सोयीचं. पण काराव्शिनमधून पश्चिमेला लायलाककडे जाताना चार हजारांवरच्या खिंडी लागतात. तिथे घाई नडते. अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळायची गोळी) डॉक्टरांना विचारून घ्यावी, सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का ते आधीच सांगून. डोकं दुखणाऱ्याला एका रेषेत, टाचेला चवडा लावत चालायला सांगावं. तोल जात असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं.

लायलाकचा उल्लेख आलाच आहे तर गोंधळ आधीच मिटवू. तिथे 'आक-सू' नावाचं शिखर आहे, ५,२१७ मीटर, आणि त्याची उत्तर भिंत दीड हजार मीटरच्या घरात आहे. काराव्शिनची आक-सू दरी वेगळी. देशाच्या दुसऱ्या टोकाला काराकोल शहराजवळ आणखी एक आक-सू. गाडीवाल्याला किंवा घोडेवाल्याला नुसतं 'आक-सू' सांगू नये.

खाण्याच्या बाबतीत मात्र सोलापूरकर जन्मतःच पुढे आहे. कडक भाकरी हे ट्रेकचं अन्न म्हणूनच बनवलंय की काय असं वाटावं: पाणी जवळजवळ नाही, आठवडेच्या आठवडे टिकते, चुलीची गरज नाही. गरम सूपमध्ये किंवा मुगाच्या पातळ डाळीत कुस्करली की दोन मिनिटांत जेवण. चुरा होणारच, म्हणून तो वाचवायला धडपडू नये. हवा काढून घट्ट पॅक केल्यावर तर पीठच होतं. गोल डब्यात एकावर एक रचून उरलेल्या जागेत मोजे कोंबावेत. शेंगा चटणी तिची जोडीदार. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. चटणी एका मोठ्या पिशवीत नेऊ नये, सारखी उघडली की खवट होते. तीन-चार दिवसांच्या छोट्या पुड्या कराव्यात. एकच सावधानता: कोरडं अन्न, कोरडी हवा आणि थंडीत न लागणारी तहान हे एकत्र आलं की पोट बिघडतं. दिवसाला तीन-चार लिटर पाणी ठरवून प्यावं.

तूरडाळ घरी ठेवावी. तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपास उकळतं, चार हजारांवर सत्त्याऐंशीच्या. कुकरशिवाय तूर शिजत नाही आणि गॅस संपतो. पोहे, उपमा, सातू, मूगडाळ हे चालतं. कोरडा शिधा माणशी दिवसाला ६००-७०० ग्रॅम धरावा. गॅस फक्त पाणी उकळण्यापुरता असेल तर माणशी २५-३० ग्रॅम रोज, शिजवणार असाल तर दुप्पट. सिलिंडर विमानात नेता येत नाही. बिश्केक किंवा ओशमध्ये घ्यावा आणि घेताना आट्यांचा आहे का ते बघावं, कारण साध्या दुकानांत टेबलावरच्या शेगडीचे लांब सिलिंडर मिळतात. त्यात बहुतेक नुसता ब्यूटेन असतो, आणि तो शून्याच्या जवळ वायू व्हायचा थांबतो. पहाटे शेगडी पेटत नाही ती यामुळे. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्यावं. वारा अडवायला सिलिंडरभोवती पत्रा गुंडाळू नये. तो तापून फुटतो.

कुरणांवर, म्हणजे जाइलूवर, मेंढपाळ नान, आयरान (आंबट दही) आणि कुरुत देतात. कुरुत म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या. चालताना तोंडात ठेवायला झकास. शाकाहारी माणसाने फक्त 'सूप'ला जपावं, त्यात मटणाचं पाणी असतंच. जाइलूजवळ जाताना कुत्री माणसाच्या आधी भेटतात. लांबूनच थांबून हाक मारावी.

तयारीचं काय, तर आपल्याकडे डोंगर नाही ही सबब खोटी आहे. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना पंचेचाळीस किलोमीटरमध्ये पायाला फोड कुठे येतात आणि मोजे कधी बदलायचे हे कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं कळतं. तेवढं चालू शकणाऱ्याकडे दम आहे. नसतो तो चढ-उताराचा सराव. त्यासाठी चार-पाच मजली इमारतीचा जिना, पाठीवर दहा-बारा किलो, आठवड्यातून तीनदा पाऊण तास, निदान तीन महिने. लिफ्टने खाली येऊ नये, गुडघे उतरतानाच कुरकुरतात. एप्रिल-मेमध्ये हे पहाटे पाचलाच उरकावं. ट्रेकचा काळ जुलै-ऑगस्ट. आणि चार हजार मीटरवर शरीर कसं वागतं ते पहिल्यांदा हिमालयात बघून घ्यावं, तिथे परतीची वाट ओळखीची असते. चादर, सोलापुरी असली तरी, घरीच बरी. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. शून्याखाली पाच ते दहा अंशांना आरामदायक अशी स्लीपिंग बॅग लागते.

कागदपत्रं हा भाग रटाळ आहे, पण ट्रेक रद्द होतो तो बऱ्याचदा इथेच. व्हिसा ऑनलाइन मिळतो. त्याशिवाय या दऱ्या सीमाक्षेत्रात येतात, म्हणून वेगळा सीमा परवाना लागतो. तो स्थानिक ट्रेक संस्थेमार्फत काढावा लागतो आणि त्याला काही आठवडे जातात. पासपोर्टवरचं नाव आणि परवान्यावरचं नाव अक्षराला अक्षर जुळतंय का ते तपासावं. आपली वडिलांच्या नावासकटची तीन पदरी नावं तिथे हमखास तुटतात. दिल्लीहून बिश्केक, तिथून ओश, आणि ओशहून बातकेन गाडीने चार-पाच तास. या रस्त्याच्या आणि बातकेनच्या पुढच्या वाटेच्या आसपास उझबेकिस्तानचं सोख आणि ताजिकिस्तानचं वोरुख ही बेटं किर्गिझ भूमीच्या पोटात आहेत. गाडीवाल्याला वळसा घालणाऱ्या किर्गिझ रस्त्यानेच न्यायला सांगावं. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा घेऊन चुकून दुसऱ्या देशात शिरलं तर परत येणं अवघड.

भीती घालायची नाही, पण इतिहास माहीत असावा. ऑगस्ट २०००मध्ये कारा-सूच्या भिंतीवर लटकत्या तंबूत झोपलेल्या टॉमी कॉल्डवेल, बेथ रॉडन आणि त्यांच्या दोन साथीदारांना, म्हणजे चार अमेरिकी गिर्यारोहकांना, इस्लामिक मूव्हमेंट ऑफ उझबेकिस्तान या दहशतवादी संघटनेच्या बंदूकधाऱ्यांनी ओलीस धरलं होतं. सहा दिवसांनी ते निसटले. २०२१ आणि २०२२मध्ये किर्गिझ-ताजिक सीमेवर रक्तरंजित चकमकी झाल्या, आणि २०२१ची ठिणगी पडली ती पाणी सोडायच्या ठिकाणावरून. काराव्शिनच्याच पाण्यावर खाली जर्दाळूच्या बागा जगतात. उजनीच्या पाण्यावरून जिल्ह्याजिल्ह्यांत काय चालतं ते माहीत असणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. १३ मार्च २०२५ला बिश्केकमध्ये दोन्ही देशांनी सीमा करारावर सह्या केल्या. तरी निघायच्या आधी आठवडाभर स्थानिक संस्थेला परिस्थिती विचारावी आणि सीमा चौक्यांचे, सैनिकांचे फोटो काढू नयेत.

शेवटचं, संपर्काबद्दल. दऱ्यांत मोबाइल चालत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र सोबत हवंच, पण ते भारतातून नेऊ नये आणि भारतात आणू नये. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन आणि तसली यंत्रं बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि विमानतळावर अटक झालेल्यांची उदाहरणं आहेत. बिश्केकमध्ये भाड्याने घ्यावं, दिल्लीच्या विमानात बसायच्या आधी तिथेच परत करावं आणि पावती जपून ठेवावी.